थोडं विकून बघा

माझं काम काय आहे, हे मला आजवर कुणाला दोन वाक्यांत सांगता आलेलं नाही. नोएडातल्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आम्ही सहा जण दिवसभर टोकन तपासतो. टोकन म्हणजे क्रिप्टोतलं एखादं नवं नाणं. रोज कुठे ना कुठे कुणीतरी ते काढत असतं. कुत्र्याच्या नावाचं, मांजराच्या नावाचं, देवाच्या नावाचंसुद्धा. ज्या ॲपवर ते विकायला येणार असतं, त्या ॲपवाले आमच्या कंपनीला विचारतात की हे ठीक आहे का. यातलं काहीच ठीक नसतं असं माझं प्रामाणिक मत आहे, पण मतांचा पगार मिळत नाही. पगार मिळतो तो दोन प्रश्नांच्या उत्तरांचा. एक, हे घेतलं तर पुन्हा विकता येईल का? आणि दोन, विकायला गेलं तर समोर पैसा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला आमच्यात लिक्विडिटी म्हणतात. प्रत्येक टोकनमागे पैशांचा एक हौद असतो. विकणाऱ्याला पैसे मिळतात ते त्या हौदातून. हौदात किती आहे आणि त्याची चावी कुणाकडे आहे, हे बघायचं. टोकन काढणाऱ्याने चावी स्वतःकडेच ठेवली असेल तर तो एके दिवशी हौद उपसून चालता होतो. चावी बरेच महिने कुलूपबंद असेल तर आम्ही हिरवी खूण करतो.

पहिला प्रश्न त्याहून वाईट. काही टोकन मुळात अशी लिहिलेली असतात की ती कुणालाही घेता येतात, पण विकता येतात फक्त काढणाऱ्याला. त्यांना हनीपॉट म्हणतात. नाव गोड आहे, पण प्रकार उंदराच्या पिंजऱ्याचा. लोक आत येत राहतात, बाहेर कुणीच पडत नाही, म्हणून भाव रोज चढतो. पडद्यावर सगळे श्रीमंत होत असतात. सरळ वर चढत गेलेली, एकदाही खाली न आलेली भावाची रेघ दिसली की मला पिंजरा ओळखू येतो. आणि हनीपॉटचा हौद नेहमी भरलेला असतो, हेही इथेच सांगून ठेवते. त्यातून कुणी काढूच शकत नाही, तर तो रिकामा होणार कसा?

यावर उपाय अगदी साधा आहे. थोडं घ्यायचं आणि लगेच थोडं विकून बघायचं. दहा रुपयांचं विकलं गेलं नाही तर दहा लाखांचंही जाणार नाही. आम्ही त्याला सेल टेस्ट म्हणतो. त्यासाठी कंपनीचं वेगळं वॉलेट उघडायचं, दोनदा पासवर्ड टाकायचा, थोडं घ्यायचं, थोडं विकायचं, पडद्याचा फोटो काढून रिपोर्टला चिकटवायचा. दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा. आठ वर्षं हे केल्यावर माणसाला जगातल्या कुठल्याही नव्या गोष्टीचं कौतुक राहत नाही. मला तर राहिलेलं नाही.

मी हे काम करते, हे कळलं की लोक विचारतात. पीजीत राहायचे तेव्हा तिथली मालकीण विचारायची. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड मोबाईल पुढे करतो, "मैडम, ये वाला ठीक है क्या?" मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपायच्या आत एका काकूंनी मला खांबाआड ओढून त्यांच्या भाच्याने घेतलेल्या टोकनाचं नाव कानात सांगितलं होतं. सगळ्यांना मी एकच पोपटपंची ऐकवते. टाकूच नका. आणि टाकलेच तर पहिल्या दिवशी थोडं विकून बघा. इतक्या लोकांना हे सांगितलंय की माझ्याच आवाजाचा मला कंटाळा आला आहे. फक्त एका माणसाला मी ते सांगितलं नाही.

बाबांनी चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काढली आणि सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले. त्यांचं आयुष्य फायलींत गेलं, असं म्हटलं तर त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. घरातही फायली होत्या. फ्रिजची फाईल, माझ्या दहावीच्या फॉर्मची फाईल, दुधवाल्याशी झालेल्या भांडणाची फाईल. ऑफिसातलं नोटिंग इंग्रजी-हिंदीत, घरचं मात्र मराठीत आणि तेही सरकारी मराठीत. प्रत्येक पानाला नंबर. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही. आणि नोंद संपली की फूटपट्टीने एक रेघ, म्हणजे मागाहून तिथे कुणाला काही घुसडता येऊ नये. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, घरच्या फायलीत कोण घुसडणार आहे? ते म्हणाले होते, "सवय एकदाच लागते. घरी वेगळी, ऑफिसात वेगळी अशा दोन सवयी कुणाला परवडतात?"

एकदा एका बड्या साहेबाने त्यांना एका नोंदीवर मागची तारीख टाकायला सांगितलं होतं. आठ दिवसांचा फरक, कुणाला पत्ताही लागला नसता. बाबांनी टाकली नाही. मग त्यांची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली आणि बढती लांबली. ही गोष्ट आई अजून सांगते. सांगताना वैतागते आणि सांगून झाल्यावर पदर सारखा करते. त्या वैतागात किती टक्के अभिमान आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

रिटायर झाल्यावर सरकारी क्वार्टर सुटलं आणि दोघं गाझियाबादला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेले. आई मिरजेची. लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं, नोकरी आहे तोवर राहीन, नंतर एक दिवस जास्त राहणार नाही. मिरजेत मावशीच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून झाल्या होत्या. मागे छोटं अंगण, कढीपत्त्याचं झाड. रिटायरमेंटचे पैसे बाबांनी त्यासाठीच एफडीत ठेवले होते आणि त्याची फाईल सगळ्यांत जाड होती. पण मालक दर सहा महिन्यांनी भाव वाढवायचा आणि एफडीचं व्याज मागे पडायचं. आई भाजी निवडताना हिशेब विचारायची. "अजून किती कमी पडतायत हो?" बाबा आकडा सांगायचे. तो आकडा काही केल्या शून्यावर येत नव्हता.

जूनमधली गोष्ट. बाहेर उभं राहवत नव्हतं तरी मी खाली छोले-कुलच्याच्या ठेल्यावर उभी होते, कारण वर ऑफिसात आणखी अर्धा तास बसण्यापेक्षा ऊन बरं वाटत होतं. सकाळपासून चौदा टोकन झाली होती. फोन वाजला.

"जेवतेयस का? मग नंतर करतो."

"नाही बाबा, बोला ना."

"अगं, एक नाव पाठवलंय तुला. पार्कात सकाळी चर्चा चाललेली असते सगळ्यांची. वेळ असला तर बघशील? घाई काही नाही."

मला वाटलं, कुतूहल. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पोस्ट आणि बँक यांपलीकडे एक रुपया ठेवला नाही, तो दुसरं कशासाठी विचारणार? एका हातात कुलचा होता. दुसऱ्या हाताने मी मोबाईलवर नाव टाकून बघितलं. हौद मोठा होता, चांगला भरलेला. चावी दोन वर्षं कुलूपबंद. सेल टेस्टला वर जाऊन वॉलेट उघडावं लागलं असतं. बोटं छोल्यांनी माखलेली होती.

"ठीक दिसतंय," मी म्हणाले. "हरकत नाही."

"हरकत नाही ना? बरं. जेव तू."

एवढंच. मिनिटभरही झालं नसेल. मग मी वर गेले आणि संध्याकाळपर्यंत आणखी अकरा टोकन तपासली, प्रत्येकाची सेल टेस्ट केली, प्रत्येकाचा फोटो चिकटवला.

त्यानंतर हा विषय निघाला नाही. मी दर रविवारी गाझियाबादला जायचे, जेवायचे, झोपायचे, चहा पिऊन परत यायचे. बाबा खुशीत असायचे. दिवाळीला मी त्यांना काळ्या शाईचं जेल पेन दिलं, जरा महागातलं. तोवर ते निळ्या बॉलपेनने लिहायचे. नवं पेन त्यांनी सदऱ्याच्या खिशाला लावलं आणि भाऊबीजेला आलेल्या प्रत्येकाला दाखवलं. आई त्या दिवसांत मिरजेच्या अंगणात तुळस कुठे ठेवायची ते बोलायची. मला वाटलं होतं की व्याज वाढलं असेल. असं वाटून घेणं सोपं होतं आणि मी दमलेली होते. हे कारण म्हणून सांगत नाही. दमलेली सगळीच असतात.

जानेवारीत आईचा फोन आला. "तुला वेळ असेल तर ये गं. मिरजेचा विसार द्यायचाय आणि ह्यांचं काहीतरी अडकलंय. सर्व्हर डाउन आहे म्हणतात, आठ दिवस झाले."

"कुठला सर्व्हर? बँकेचा?"

"बँकेचा नाही. तू तपासून दिलेलं ते नाही का?"

मेट्रोत मी आधी मोबाईल उघडलाच नाही. वैशाली स्टेशनला उतरून ई-रिक्षात बसले तेव्हा जूनमधला बाबांचा मेसेज शोधला आणि ते नाव टाकलं. भावाची रेघ जिन्यासारखी वर गेली होती. सरळ, एकदाही खाली नाही. रिक्षावाला दोनदा म्हणाला, "मैडम, आ गया," तेव्हा मी उतरले.

बाबा जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. समोर मोबाईल, बाजूला फाईल. त्यांनी पेन्शनच्या पोर्टलवर जसं करतात तसंच सगळं केलं होतं. सकाळी अकराला विकायचा प्रयत्न. एक ते दोन प्रयत्न नाही, कारण लंच. शनिवार-रविवार नाही. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि ते वेळ टिपून ठेवायचे. मग त्यांनी सपोर्टला पत्र लिहिलं होतं. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. सपोर्टकडून उत्तर आलं की आधी ठराविक रक्कम टॅक्स म्हणून भरा, मग सुटेल. यावर बाबांनी विचारलं होतं की हा टॅक्स कोणत्या नियमाखाली आकारला जातो, कृपया नियमाचा क्रमांक कळवावा. त्यानंतर सपोर्टने उत्तर दिलं नाही. चोरांनाही माझ्या बापाने वैताग आणला होता. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते.

मी लॅपटॉप उघडला. खरं तर गरज नव्हती, तरी सेल टेस्ट केली. जूनमध्ये जी करायला पाच मिनिटं लागली असती, ती त्या दुपारी आई-बाबांच्या समोर केली. थोडं घेतलं. ते लगेच आलं. थोडं विकायला टाकलं. लाल अक्षरं. पुन्हा टाकलं. लाल अक्षरं.

मग मी समजावून सांगितलं. पडद्यावर दिसतो तो आकडा खोटा आहे. आत गेलेले पैसे बाहेर येणार नाहीत. काढणाऱ्याचं नाव-गाव कुणालाच माहीत नाही. मी ऑफिसात नव्या मुलांना सांगते तशाच सपाट आवाजात सांगत होते आणि मला त्या आवाजाची लाज वाटत होती.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "म्हणजे मिरज?"

खाली भंगारवाला ओरडत गेला.

"सगळे?" ती बाबांना म्हणाली. "एफडी सगळी मोडलीत? आणि घातल्यावर सात महिने एकदाही काढून बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"मध्ये मोडायचं नसतं ना," बाबा म्हणाले. "वाढतंय ते वाढू द्यायचं."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला रडू फुटायचं राहिलं. पगारातून बाजूला टाकलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हीच आमच्या घरची सगळी अक्कल. पीएफला हात लावला नाही, ही एक वेळ सोडली तर एफडी कधी मोडली नाही, याचा बाबांना केवढा अभिमान. जुगारी माणूस दुसऱ्याच दिवशी थोडं विकून दारू प्यायला जातो आणि पिंजरा आहे हे त्याला तिथेच कळतं. माझ्या बाबांसारखा माणूस वाट बघत बसतो. आठ वर्षं मी हे पिंजरे उघडून बघत होते आणि ते कुणासाठी बनवतात हे मला त्या टेबलापाशी कळलं.

आई आता माझ्याकडे वळली. "तू तर याच कामातली. तुला विचारलं होतं ना ह्यांनी?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, ते मला आजही माहीत नाही. खरं बोलले असते असं मला आवडेल म्हणायला.

"विचारलं होतं," बाबा मध्येच म्हणाले. "तिने सांगितलं होतं. थोडं विकून बघा म्हणून. माझंच राहिलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी फाईल उघडली, पान सात काढलं आणि आईसमोर सरकवलं. आईने चष्मा लावून वाचलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. दुपारी एक चाळीसला मुलीशी फोनवर बोलणे झाले. तिने तपासले. हरकत नाही, असे तिचे मत. हे सगळं निळ्या बॉलपेनने. त्याखाली, सही आणि रेघ यांच्या मधल्या बोटभर जागेत, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. तथापि प्रथम थोडे विकून पाहावे, असेही तिने सुचविले.

ही ओळ काळ्या शाईने लिहिलेली होती. मी दिवाळीला दिलेल्या पेनाने, जूनच्या तारखेखाली.

आईचं शाईकडे लक्ष गेलं नाही. तिने पान मिटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बाबांवर ओरडताना ऐकलं. "पोरगी सांगतेय, लिहून ठेवलंयत स्वतःच्या हाताने आणि तरी ऐकलं नाहीत?" बाबा खाली मान घालून बसले होते. मला हळूहळू उमगत गेलं. आठ दिवस सर्व्हर डाउन असल्याचं आईला सांगत होते, पण त्यांना केव्हाच कळलं होतं. मी येण्याआधीच त्यांनी ही ओळ लिहून ठेवली होती. आई मला काय विचारेल, तेही त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं सायबरची तक्रार द्यायला गेलो. बाकावर दोन तास बसलो. आमच्याआधी एक शाळामास्तर होते, त्यांचंही असंच काहीतरी. आमची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या माणसाने फाईल चाळली आणि खरोखर खूश झाला. "अंकल जी, फाइल तो आपने बहुत बढ़िया बनाई है. ऐसे कोई लाता ही नहीं." बाबांनी मान हलवली. मग त्याने मला विचारलं, "मैडम, आप क्या करती हैं?"

मी सांगितलं. त्याने टायपिंग थांबवून वर बघितलं. "यही काम करती हैं? तो आपने नहीं बताया इनको?"

"बताया था," बाबा म्हणाले. "लिखा हुआ है. पेज सात."

त्या माणसाने पान सात काढलं, मराठी वाचता येत नव्हतं तरी त्यावरून बोट फिरवलं आणि झेरॉक्सला पाठवलं. ज्या माणसाने साहेबासमोर आठ दिवसांचा फरक केला नाही, त्याचा खोटा कागद सरकारी शिक्क्यानिशी दाखल झाला. पैसे परत मिळतील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "देखते हैं." हे शब्द बाबांनी स्वतः चौतीस वर्षं लोकांना ऐकवले होते. त्यांचा अर्थ त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. थंडी होती, धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं.

"बाबा, मी तसं म्हटलं नव्हतं."

"फाईलवर आहे."

"तुम्ही मागाहून लिहिलंय. काळ्या पेनाने."

त्यांनी खिशाला लावलेल्या पेनाकडे बघितलं. चक्क ओशाळले. इतक्या वर्षांत खाडाखोड करायची वेळच आली नव्हती, तर ती करताना शाई जुळवून घ्यायची असते हे त्यांना कोण शिकवणार? "लक्षातच आलं नाही," ते म्हणाले.

"पण का? चूक माझी आहे. मी नीट बघितलंच नव्हतं. मी कुलचा खात होते, बाबा."

ते चहा फुंकत राहिले. "मी रिटायर्ड माणूस आहे," ते म्हणाले. "माझ्यावर कोण काय कारवाई करणार? आई चार दिवस बोलेल, मग चहा विचारेल. तुझ्यावर तिचा राग बसला तर तो निघायचा नाही. मिरजेचा आहे तो. आणि आम्हाला यापुढे बघणारं दुसरं कोण आहे?"

"मी सांगते आईला. आज घरी गेल्यावर सांगते."

"बघ," ते म्हणाले. "माझी हरकत नाही."

घरी पोचलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मी सरळ तिच्याकडे गेले. वाक्य तयार होतं, सबंध रस्ताभर तयार केलं होतं. ती कणीक मळत होती. तिने मागे वळून न बघता विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बघू म्हणाले." तिने हात धुतले, पदराला पुसले आणि अचानक तो ओला हात माझ्या गालावर ठेवला.

"बरं झालं, तू तरी सांगितलं होतंस," ती म्हणाली. "मी रात्रभर तोच विचार करत होते. तुझ्या हातून झालं असतं ना, तर मला कुणाकडे तोंड वर करून बघताच आलं नसतं. एक माणूस तरी आहे घरात."

मी पोळपाट-लाटणं घेतलं आणि पोळ्या लाटायला लागले. तिला आवडतात तशा, लहान आणि पातळ. बारा केल्या. बाबा दारात येऊन उभे राहिले, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेले.

मिरजेच्या खोल्या दुसऱ्या कुणीतरी घेतल्या. मावशीने फोनवर सांगितलं. आई म्हणाली, जाऊ दे, अंगणाचा उकिरडा केला असता लोकांनी. हल्ली ती जिना दिवसातून एकदाच उतरते. तक्रारीचं पुढे काही झालेलं नाही. मी त्याच चौथ्या मजल्यावर तेच काम करते, आणि खालच्या ठेल्यावरून फोनवर कुणाला काही तपासून देत नाही.

एक मात्र बदललं. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या केल्या, तो आता कशावरही स्वतः सही करत नाही. जेवणाच्या सुट्टीत फोन येतो. गॅसचं बिल आलंय, भरू का? केबलवाला वर्षाचे एकदम मागतोय, देऊ का? बँकेचा एक मेसेज आलाय, तुला पाठवतो, तू बघ, मग पुढचं. मी म्हणते, थांबा बाबा, वर जाऊन नीट बघते, मग सांगते. ते थांबतात. मागून आईचा आवाज येतो, दर वेळी तोच, जरा मोठ्याने, मला ऐकू जावं म्हणून.

"ती म्हणेल तेच करा आता. तेव्हा ऐकलं असतंत, तर आज आपण मिरजेत असतो."

बाबा म्हणतात, "हो, हो." मीही ऐकते. दर वेळी वाटतं, आता म्हणावं, बाबा, फोन आईकडे द्या. तेवढ्यात कुलचेवाला विचारतो, "मैडम, प्याज़ डालूँ?" आणि मी मान हलवते.